कार्टून म्हणून एका ओळीत उरकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत मुलांना दाखवायच्या पिक्चरची यादी आली, त्यात १९९१ चा डिस्नेचा अ‍ॅनिमेशनपट ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ फक्त "लहान मुलींना आवडेल" एवढ्यावर उरकलाय, ते काही पटलं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे हा लागला की पोरांच्या आधी मोठीच येऊन बसतात.

आपण इंदूरची मराठी माणसं संगीत नाटकावर जीव टाकणारी, मग त्याच कानांनी हा ऐका ना. पहिलंच गाणं घ्या, नायिका बेल पुस्तक घेऊन बाजारातून चाललीये, आख्खं गाव तिच्याबद्दल गातंय की पोरगी दिसायला छान पण जरा विचित्रच आहे बाई, त्यातच तो गॅस्टन येऊन लग्न करीन तर हिच्याशीच म्हणतो, म्हणजे गाणं संपेस्तोवर नायिका, गाव, खलनायक सगळे कळलेले. नाहीतर हल्लीचे पिक्चर, गाणं आलं की लोक समोसे आणायला उठतात.

चाली अ‍ॅलन मेन्केनच्या, पण गाणी लिहिली हॉवर्ड अ‍ॅशमननी, आणि त्याचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. एड्स झाला होता त्याला, प्रवास झेपेना म्हणून टीमच त्याच्या घराजवळ जाऊन काम करायची. मार्च १९९१ मध्ये तो गेला, वय फक्त ४०, आणि पिक्चर लागला नोव्हेंबरात. गाण्याचं ऑस्कर त्याला मिळालं ते गेल्यावर. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मुख्य ऑस्करसाठी नामांकन मिळालेली ही पहिलीच अ‍ॅनिमेशन फिल्म, हे तरी यादीत यायला हवं होतं.

सगळे त्या नाचाच्या सीनचं कौतुक करतात, आहेच तो भारी, मागचा दिवाणखाना कॉम्प्युटरवर केलेला आणि त्यात बेल नि बीस्ट, म्हणजे शापानं जनावर झालेला नायक, ही दोघं हातानी काढलेली. पण मला विचाराल तर लापशीचा सीन बघा. बीस्ट आधी वाडग्यात तोंडच घालतो, मग चमचा धरायला जातो तर त्या पंज्यात तो काही बसत नाही. बेल त्याला शिकवत वगैरे बसत नाही हो, आपला चमचा खाली ठेवते, वाडगा उचलून ओठाला लावते, मग तोही तसंच पितो. अर्ध्या मिनिटाचं काम, पण लग्न जमवणाऱ्या मंडळींनी मुद्दाम बघावं असं.

एक तक्रार मात्र आहे, शेवटी शाप सुटल्यावर बीस्टमधून जो राजपुत्र निघतो तो अगदीच मिळमिळीत, त्यापेक्षा बीस्टच बरा होता असं आमच्या घरी एकमत आहे.

तर पुढच्या यादीत कोणाला तरी नीट चार ओळी लिहायला सांगा, आणि गाणी कोणाची तेही छापा.

आपली,
एक नियमित वाचक, इंदूर