हिमनग मोजताना रडारही फसते

संपादक महोदय,

हिमनगाच्या बातमीत क्षेत्रफळ असते, पण ते मोजतात कसे हे क्वचितच छापले जाते. १९८६ मध्ये अंटार्क्टिकापासून तुटलेला ‘ए२३ए’ हिमनग २०२५ च्या सुरुवातीला सुमारे ३,५०० चौरस किलोमीटर होता, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडा कमी. ध्रुवीय रात्रीत आणि ढगांत साधा कॅमेरा आंधळा. म्हणून सेंटिनेल-१ या उपग्रहाचे सुमारे ५.५ सेंटीमीटर तरंगलांबीचे रडार वापरतात. कोरडा बर्फ लहरी परतवतो, म्हणून उजळ दिसतो; संथ पाणी काळे. पंचगंगेच्या पुराचे रडार-नकाशे याच तत्त्वावर बनतात.

घोटाळा उन्हाळ्यात होतो. वितळून ओला झालेला पृष्ठभाग लहरी शोषतो आणि हिमनग काळवंडतो. त्यातच वाऱ्याने खवळलेला समुद्र उजळतो. मग संगणकाने आखलेली कड बिनदिक्कत चुकते, ती माणसाने हाताने दुरुस्त करावी लागते.

जाडीसाठी उंचीमापक उपग्रह लागतो. हिमनगाचा पाण्यावर साधारण आठवा-नववा हिस्साच असतो, त्यामुळे उंचीत एक मीटर चूक म्हणजे जाडीत आठ-नऊ मीटर. वर साचलेला हलका हिम वजा केला नाही, तर आकडा आणखी फुगतो. बातमीत क्षेत्रफळासोबत मोजणीची तारीखही छापावी, ही विनंती.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर