कॅनडा पीआरचा (कायमच्या वास्तव्याचा) अर्ज भरणाऱ्या सभासदांसाठी

नमस्कार मंडळी,

एक्स्प्रेस एन्ट्रीचं, म्हणजे कुशल कामगारांना पीआर देण्याच्या कॅनडाच्या ऑनलाइन पद्धतीचं, निमंत्रण आलं की पूर्ण अर्ज भरायला 60 दिवसच मिळतात, म्हणून कागद आधीच जमवा. सगळ्यात जास्त घोळ नावांचा होतो. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव, मधलं नाव, कधीकधी पहिलं नावही बदलतं. पदवीवर एक, पासपोर्टवर दुसरं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जोडाच. अनुभवपत्रात नुसता हुद्दा पुरत नाही. कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगारही हवा. एचआर ठरावीक नमुन्यातलं पत्र देऊन मोकळं होतं, तेव्हा चिकाटीने मागे लागा. आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल 2 वर्षंच चालतो.

आणि कळकळीची विनंती, काहीही लपवू नका. पूर्वी कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला गेला असेल तर तो लिहायलाच हवा. खोटी माहिती सापडली तर 5 वर्षं बंदी येते. फॉर्म एजंटने भरला तरी जबाबदारी तुमचीच, त्यामुळे पाठवण्याआधी ओळ न् ओळ स्वतः वाचा.

अडलं तर ग्रुपवर जरूर विचारा, फक्त पासपोर्टचे फोटो इथे टाकू नका.