टोकन देण्याआधी

चि. मुक्ता हिस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तिन्ही फ्लॅट बघितले. फोटो टाइल्सचे आणि किचन ओट्याचे आहेत, त्यावर काही ठरवू नकोस. वागळे इस्टेट, पोखरण रोड, कळवा आणि तिथून ठाणे-बेलापूर रोड, हा सगळा पट्टा कारखान्यांचा होता. इथे आधी विचारायचं ते हे, की इमारतीखालची जमीन कोणाची आणि इमारत कोणाच्या परवानगीने उभी राहिली.

घणसोली गावठाणातला फ्लॅट यादीतून काढ. तो स्वस्त आहे कारण इमारतीला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही आणि व्यवहार नोटरीच्या कागदावर, कुलमुखत्यारपत्रावर होणार आहे. अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय. बँक त्यावर कर्ज देत नाही, म्हणजे उद्या विकायचा झाला तर रोख पैसेवालाच शोधावा लागेल. दिघ्यात एमआयडीसीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या बेकायदा इमारतींवर 2015 मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने हातोडा पडला. घरं घेणाऱ्यांचे पैसे त्यात गेले. सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतला, म्हणजे संपादित जमिनीच्या मोबदल्यात गावकऱ्यांना दिलेला प्लॉट ही वेगळी गोष्ट. तिथे सिडको, मूळ प्लॉटधारक आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार असतो, तो मागून घेता येतो. जमीन मात्र बहुधा भाडेपट्ट्याची असते आणि तशी असेल तर नाव बदलताना सिडकोची हस्तांतरण फी भरावी लागते, ती हिशेबात धर.

बंद पडलेल्या कंपनीच्या जागेवरचा टॉवर वाईट नाही, पण तुझ्या बजेटच्या काठावर आहे. महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साइटवर त्याचा टायटल रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीचा अहवाल वाच. जागा औद्योगिक झोनमधून निवासी कधी झाली आणि बंद कंपनीच्या कामगारांची देणी दिल्याबद्दल कामगार आयुक्तांचं ना-हरकत पत्र आहे का, हे विचार. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात यूएलसी (नागरी कमाल जमीन धारणा कायदा) कलम 20 ची नोंद असेल तर शासनाला भरायचं अधिमूल्य भरलंय का, तेही बघ. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ओसी यायच्या आधी घेतलास तर 5 टक्के जीएसटी वर.

माझं मन वागळे इस्टेटच्या 1988 सालच्या सोसायटीवर आहे, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहिते.

इमारत तळमजल्यापासून बघ. पार्किंगमधल्या कॉलमवर उभी चीर आणि तिच्या कडेने तांबूस डाग दिसले, तर आतली सळई गंजली आहे. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलते, म्हणून चीर सळईच्या रेषेतच जाते. प्लास्टरवरच्या केसाएवढ्या आडव्यातिडव्या चिरांना घाबरू नकोस. घरातल्या छताला आणि बीमला नाण्याने ठोकून बघ. पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. बाथरूमखालचा स्लॅब बघायचा तर खालच्या मजल्यावर जाऊन विनंती कर. जुन्या फ्लॅटमध्ये नवंकोरं पीओपीचं छत दिसलं की वर काय झाकलंय ते विचारायचंच.

मग सेक्रेटरींकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल माग. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट 5 वर्षांतून एकदा आणि त्यापुढे 3 वर्षांतून एकदा करायचं असतं. पालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत इमारत सी-1 वर्गात असेल तर ती रिकामी करून पाडायची असते, तिथे विषय संपला. सी-2 मध्ये मोठी दुरुस्ती; तिचा खर्च दर फ्लॅटमागे किती, तो विकणारा देणार की तू, हे लेखी ठरव. कन्व्हेअन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालंय का, तेही विचार. जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर रीडेव्हलपमेंटच्या वेळी मूळ जमीनमालक आडवा येतो. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालकाने सही दिली नाही तरी सरकारी आदेशाने जमीन नावावर करून घेण्याचा मार्ग असतो, पण त्यासाठी कोणीतरी कमिटीत चिकाटीने काम करावं लागतं. आणि क्लस्टरचं (अनेक इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासाचं) आमिष दाखवून कोणी भाव वाढवत असेल तर एक रुपयाही वाढवू नकोस.

या भागात हमखास अडकतं ते वारसाहक्कात. घर वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, थोरला मुलगा नॉमिनी, आणि तोच विकायला उभा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाकी भावंडांचं आणि आईचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर त्या सगळ्यांनी करारावर सह्या करायला हव्यात. लग्न होऊन गेलेल्या बहिणीही त्यात येतात. पहिल्या बिल्डरपासूनचे सगळे करार सलग हवेत. मूळ करार हरवला असेल तर पोलीस तक्रार, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातली प्रमाणित प्रत, एवढं झाल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च घे.

किंमत 80 लाख धरली तर हिशेब असा. कर्ज 75 लाखांपर्यंत असेल तर बँक जास्तीत जास्त 80 टक्के देते, म्हणजे 64 लाख. 16 लाख तुझे. ठाण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, पण घर फक्त तुझ्या नावावर घेतलंस तर 6 टक्के, म्हणजे 4 लाख 80 हजार. समीरचं नाव करारात घातलंस तर ही सवलत जाते. त्याला नंतर सोसायटीत सहयोगी सभासद करता येईल. रेडी रेकनरचा (सरकारी दरपत्रकाचा) भाव जास्त निघाला तर शुल्क त्यावर. नोंदणी फी 30 हजार, सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त 25 हजार, दलालाचा 1 टक्का. एकूण 22 लाख 15 हजार हातात हवेत, आणि रंग, प्लंबिंग, वायरिंग त्यानंतर. किंमत 50 लाखांच्या वर असल्यामुळे विकणाऱ्याच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस कापून तो तू भरायचा आहेस. तो भरला नाहीस तर दंड तुझ्या माथी येतो.

एकदा सकाळी पाणी येण्याच्या वेळेला जा आणि वरच्या मजल्यावर नळाला किती धार आहे ते बघ. एकदा रात्री दहानंतर जा. जवळच्या कारखान्याचा वास आणि आवाज तेव्हाच कळतो.

सेक्रेटरींनी शेअर सर्टिफिकेट दाखवलं की दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठव. हस्तांतरणाच्या नोंदी मागच्या बाजूला असतात.

तुझी,
आई