थिबा राजाला नेणारी आगबोट

महोदय,

थिबा राजवाड्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडीने वाचला. त्यात एक चूक मात्र राहिली आहे. नोव्हेंबर १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला त्याची राजधानी मंडालेहून रंगूनकडे नेणारी ‘थुरिया’ ही युद्धनौका नव्हे. ती इरावडी फ्लोटिला कंपनीची आगबोट होती. मंडालेवर चालून गेलेली इंग्रजांची फौजही याच कंपनीच्या बोटींतून इरावडी नदी चढून गेली.

ग्लासगोच्या व्यापाऱ्यांनी १८६५ साली सरकारी बोटी विकत घेऊन ही कंपनी उभी केली. स्कॉटलंडमध्ये बांधलेल्या बोटी सुट्या करून रंगूनला यायच्या आणि समोरच्या डल्ला गोदीत पुन्हा जोडल्या जायच्या. १९२० च्या दशकात सहाशेच्या वर बोटी आणि वर्षाला नव्वद लाखांच्या आसपास उतारू! नदीवरचा एवढा मोठा ताफा तेव्हा जगात दुसरा नव्हता. मंडालेच्या वर भामोपर्यंत तर बाजारबोट चाले. तिच्यावर दुकाने मांडलेली असत. बोट धक्क्याला लागली की गावकरी खरेदीला चढत.

मी एकतीस वर्षे खाडीतल्या लाँचवर सारंग, म्हणजे बोटीचा प्रमुख होतो, म्हणून मला या बोटींवरच्या माणसांबद्दल विशेष वाटते. तिथले सारंग आणि खलाशी बहुतेक चितगावचे. बोटीच्या प्रमुखाला तिथेही सारंगच म्हणत. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, दोन्ही अंगांना एकेक खलाशी रंगाचे पट्टे ओढलेला बांबू पाण्यात खुपसून खोली ओरडून सांगे, आणि त्या आवाजावर सुकाणू फिरे. ओहोटीला आमची लाँच वाळूवर टेकली, तर सहा तासांत भरती येऊन तिला उचलायची. इरावडीत मात्र पाणी उतरताना बोट रुतली, की कधी कधी थेट पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागे.

१९४२ मध्ये जपानी फौजा जवळ आल्यावर कंपनीच्याच माणसांनी शेकडो बोटी स्वतःच्या हातांनी नदीत बुडवल्या. स्वतः चालवलेली बोट बुडवणे म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. युद्धानंतर थोड्या बोटी पुन्हा चालू झाल्या आणि १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाने कंपनी ताब्यात घेतली.

दुरुस्ती छापाल तेव्हा ‘थुरिया’बरोबर तिच्या कंपनीचे नावही द्यावे आणि चितगावच्या त्या खलाशांविषयी दोन ओळी लिहाव्यात, ही विनंती.

– एक निवृत्त सारंग, रत्नागिरी