तो फोन रेकॉर्डिंग करत नाही, ऐकून लिहितो

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

बँकेच्या किंवा दवाखान्याच्या खिडकीपुढे एखादे वयस्कर गृहस्थ मोबाइल पुढे धरून उभे राहतात आणि आतून आवाज येतो, ‘काका, रेकॉर्डिंग बंद करा.’ काकांना तेही ऐकू येत नाही. फोनच्या पडद्यावर मात्र हेच वाक्य उमटलेले असते. त्या फोनवर गुगलचे ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ सुरू असते. समोरचा बोलतो ते हे अ‍ॅप तिथल्या तिथे अक्षरांत दाखवते. फेब्रुवारी 2019 मध्ये ते आले तेव्हाच 70 हून अधिक भाषा व बोली त्यात होत्या. मराठीही त्यात चालते. अ‍ॅप फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि तरी ज्यांना हवे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ते ठाऊक आहे. बर्डीच्या बाजारातून नवा फोन घेतला की दुकानदार रिंगटोन लावून देतो, गेम टाकून देतो. हे कोणी दाखवत नाही.

प्ले स्टोअरवरून घेतल्यावर काही फोनांत त्याचे चिन्ह पडद्यावर दिसत नाही, म्हणून ‘आलंच नाही’ असे वाटते. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त जावे, तिथे लाइव्ह ट्रान्स्क्राइब उघडून त्याचा शॉर्टकट चालू करावा, पडद्याच्या कडेला एक छोटे बटण येते. मायक्रोफोनची परवानगी द्यावी. मग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये पहिली भाषा मराठी आणि दुसरी हिंदी ठेवावी. नागपुरात याला पर्याय नाही, कारण आपल्याकडे वाक्य मराठीत सुरू होते आणि हिंदीत संपते. समोरचा हिंदीवर गेला की बटण दाबून भाषा बदलायची. ती न बदलता मराठीवरच ठेवली, तर हिंदी शब्दांच्या जागी भलतेच मराठी शब्द उमटतात. लिपी एकच असल्याने ते वाचता येतात, फक्त अर्थ लागत नाही. अक्षरे मोठी करण्याची सोयही तिथेच आहे. चष्मा घरी राहिला तरी चालेल इतकी मोठी होतात. आपल्याला उत्तर बोलून द्यायचे नसेल, तर कीबोर्ड उघडून लिहायचे आणि पडदा समोरच्याकडे वळवायचा.

बिघडते ते बहुतेक वेळा गोंगाटामुळे. एप्रिल-मेमध्ये आपल्या घराघरांत कूलर चालतो, आणि खिडकीत बसवलेल्या लोखंडी कूलरशेजारी हे अ‍ॅप जवळजवळ बहिरेच होते. अ‍ॅपच्या वरच्या कोपऱ्यात एक वर्तुळ असते. आसपासच्या गोंगाटाच्या मानाने बोलणाऱ्याचा आवाज किती पोहोचतो आहे ते त्यावरून कळते. दोन मिनिटे कूलर बंद करावा, नाहीतर फोन बोलणाऱ्याजवळ न्यावा. बहुतेक फोनांचा मुख्य माइक खालच्या कडेला असतो, म्हणून तीच कड बोलणाऱ्याकडे करावी. जाड कव्हरने माइकचे भोक झाकले गेले नाही ना, तेही पाहावे. मराठीसाठी मोबाइलचे नेट चालू हवे. तळमजल्याखालच्या खोलीत किंवा जाड भिंतींच्या जुन्या इमारतीत अक्षरे मध्येच थांबली, तर बिघाड अ‍ॅपचा नाही, रेंजचा आहे.

एका गोष्टीत मात्र यावर मुळीच विसंबू नये. मराठीत ‘सात’ आणि ‘साठ’ यांत एका व्यंजनाचा फरक, आणि गोळ्या सात दिवस की साठ दिवस घ्यायच्या यात केवढा! औषधाचे प्रमाण, रक्कम, खाते क्रमांक, तारीख हे सगळे कागदावर लिहून मागावे. कठीण नावे आणि औषधांची नावे अ‍ॅपच्या शब्दसूचीत आधी टाकून ठेवता येतात; त्याने चुका कमी होतात, संपत नाहीत.

खिडकीच्या आतल्या मंडळींसाठी इतकेच की, हे अ‍ॅप बोलण्याची ध्वनिफीत साठवत नाही. अक्षरेसुद्धा वापरणाऱ्याने मुद्दाम ‘जतन करा’ हा पर्याय लावला तरच मागे राहतात, तीही त्याच फोनवर तीन दिवस. आक्षेप घेण्याऐवजी एकेक वाक्य सावकाश, फोनकडे तोंड करून बोलले, तर काम लवकर उरकते. जोराने ओरडून उपयोग होत नाही. ओरडताना उच्चार बिघडतात आणि अ‍ॅप आणखी चुकते.

याच कंपनीचे ‘फोटोस्कॅन’ही कपाटातल्या जुन्या अल्बमांसाठी कामाचे आहे. फोटोचा साधा फोटो काढला की काचेवर किंवा चकचकीत कागदावर उजेडाचा डाग पडतो. फोटोस्कॅन आधी एक फोटो घेते, मग पडद्यावर चार ठिपके दाखवते. मधले वर्तुळ एकेका ठिपक्यावर नेऊन थांबवायचे. प्रत्येक फोटोत डाग वेगळ्या जागी पडतो, त्यामुळे पाचही जोडून बिनडागाचा एक करता येतो. यात चूक एकच होते, पण सगळेच करतात: ठिपक्याकडे फोन तिरपा करतात. फोन फोटोला समांतरच ठेवून सरकवायचा असतो. फोटो अल्बममधून ओरबाडून काढू नये, चिकटलेला असेल तर फाटतो. पानावरच स्कॅन करावा. सुटा फोटो असेल तर खाली गडद कापड घ्यावे, म्हणजे कडा नीट ओळखल्या जातात. शेवटी अ‍ॅपमध्येच ‘सेव्ह’ करायला विसरू नये. नाहीतर चित्रे गॅलरीत येतच नाहीत, आणि अ‍ॅप काढून टाकले की तीही गेली. तारीख आजची पडते, तेव्हा 1972 चे लग्न या वर्षात दिसेल. गुगल फोटोजमध्ये ती बदलता येते.

गुगलच्याच ‘फाइल्स’ या, फोनमधला पसारा आवरणाऱ्या अ‍ॅपबद्दल दोनच शब्द. ‘शुभ सकाळ’च्या फुलांनी फोन भरला की लोक ‘क्लीनर’ नावाची कुठलीही अ‍ॅप घेतात आणि जाहिराती गळ्यात बांधून घेतात. त्यापेक्षा हे बरे. पुसलेल्या फाइल 30 दिवस ‘ट्रॅश’मध्ये राहतात, म्हणून पुसूनही जागा मोकळी झालेली दिसत नाही, ट्रॅश रिकामा करावा लागतो. आणि त्यातल्या कुलूपबंद फोल्डरचा पिन विसरला, तर आतले कागद कोणीच काढून देऊ शकत नाही.

मिळत्याजुळत्या नावांची अ‍ॅप प्ले स्टोअरवर पुष्कळ आहेत. घेण्याआधी नावाखाली ‘गुगल एलएलसी’, आणि लाइव्ह ट्रान्स्क्राइबच्या बाबतीत ‘रिसर्च अ‍ॅट गुगल’, लिहिलेले आहे का ते पाहावे. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेली फाइल उघडून अ‍ॅप टाकू नये, पाठवणारा भाचा असला तरी.

शहरातल्या बँका, दवाखाने आणि कार्यालयांना आमची विनंती आहे की, खिडकीच्या काचेवर एक ओळ चिकटवावी: ‘ऐकू कमी येत असल्यास बोलणे लिहून दाखवणारे अ‍ॅप वापरता येईल.’ नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची गर्दी सुरू होण्याआधी ती लागली, तर फार बरे.

आपले,
ज्येष्ठांना मोबाइल शिकवणारे काही वाचक,
नागपूर