लिथुआनियाचे लेझर करसवलतींतून आलेले नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला, युरोपातल्या छोट्या देशांच्या नव्या उद्योगांवरचा लेख मी दोनदा वाचला. त्यात लिथुआनियाच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या आहेत : सरकारने करसवलती दिल्या, स्टार्टअप आले, देश पुढे गेला. तिथल्या नावाजलेल्या लेझर उद्योगाचं नावसुद्धा नाही. हे वाचून गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी ३१ वर्षं लेझर प्रयोगशाळेत तंत्रसहायक होते. शेवटच्या काही वर्षांत आमच्याकडे लिथुआनियाच्या राजधानीहून, व्हिल्नियसहून, एक फेम्टोसेकंद लेझर आला. तो बसवायला आलेला इंजिनिअर जेमतेम तिशीचा होता. पाच दिवस तो टेबलावर वाकून एकेक आरसा केसभर हलवत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, एसी बंद पडला, खोली तापली आणि जुळवून ठेवलेला बीम जागचा सरकला. आता हा चिडणार, असं मला वाटलं. तो शांतपणे जेवला, खोली पुन्हा गार होईपर्यंत थांबला आणि पहिल्या आरशापासून परत सुरुवात केली. चहाच्या वेळी मी विचारलं, हा हात कुठे बसला? तो म्हणाला, विद्यापीठात, आणि आमच्या कंपनीतले बहुतेक जण त्याच विभागातून आलेत.

फेम्टोसेकंद म्हणजे किती, हे वाचकांना सांगायला हवं. सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले, तर त्यातला एक. १०० फेम्टोसेकंदांत प्रकाश फक्त ३० मायक्रॉन पुढे जातो, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढाही नाही. इतक्या कमी वेळात ऊर्जा ओतली की आजूबाजूच्या पदार्थाला तापायला अवधीच मिळत नाही. काच कापली तर कडेला तडे जात नाहीत की वितळलेला थर राहत नाही. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत हे लेझर वापरतात ते याच कारणाने. रेणूंमधली उलथापालथ टिपायलाही एवढाच छोटा, म्हणजे इतकाच कमी वेळ टिकणारा, प्रकाशाचा झोत लागतो.

जगातला पहिला लेझर १९६० साली कॅलिफोर्नियात पेटला आणि लिथुआनियातला १९६६ साली. तेव्हा तो देश सोव्हिएत संघात होता. भौतिकशास्त्रज्ञ आल्गिस पिस्कार्स्कास मॉस्कोत शिकून व्हिल्नियसला परतले आणि विद्यापीठात त्यांनी एकच धागा धरून ठेवला : अतिशय छोटे झोत, आणि स्फटिकातून नेऊन प्रकाशाचा रंग बदलण्याची विद्या. सगळ्या प्रकारच्या लेझरच्या मागे ते लागले नाहीत. पुढे तिथे निघालेल्या एका कंपनीचं नावच ‘लाइट कन्व्हर्जन’ आहे, लिथुआनियन भाषेत ‘श्विएसोस कोन्वेर्सिया’. श्विएसा म्हणजे प्रकाश. आपला ‘श्वेत’ त्याच मुळातला, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

लेखातून सुटलेला काळ इथून सुरू होतो. ११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. एप्रिलमध्ये मॉस्कोने तेल तोडलं. जानेवारी १९९१ मध्ये व्हिल्नियसच्या टीव्ही टॉवरपाशी सोव्हिएत रणगाडे आले आणि माणसं मेली. जुनं सोव्हिएत गिऱ्हाईक संपलं होतं, नवं कुणी ओळखत नव्हतं. त्या दिवसांत कोणतं सरकार कोणाला सवलती वाटणार होतं? तरी १९९२ साली ‘एकस्प्ला’ ही लेझर कंपनी उभी राहिली आणि १९९४ साली ‘लाइट कन्व्हर्जन’. त्याच १९९२ साली डुबिएटिस, योनुशाउस्कास आणि पिस्कार्स्कास यांचा एक छोटा शोधनिबंध आला. प्रकाशाचा झोत आधी ताणायचा, म्हणजे जास्त वेळ टिकणारा करायचा, मग स्फटिकात त्याची ताकद वाढवायची आणि शेवटी तो पुन्हा दाबून छोटा करायचा, अशी ती रीत. झोत ताणून वाढवण्याची मूळ कल्पना स्ट्रिकलंड आणि मूरू या भौतिकशास्त्रज्ञांची, त्यांना २०१८ साली नोबेल मिळालं. ती स्फटिकाशी जोडून दाखवली व्हिल्नियसने. पुढे हंगेरीत सेगेद इथल्या मोठ्या युरोपीय लेझर केंद्रासाठी या दोन कंपन्यांनी मिळून एक लेझर बांधला तो याच रीतीने.

जैवतंत्रज्ञानातही तिथे असंच घडलं. विकरांवरचं (एन्झाइम्सवरचं) काम सोव्हिएत काळापासून चालत आलेलं. त्यातूनच जीवरसायनशास्त्रज्ञ विर्गिनियुस शिक्श्निस पुढे आले. जनुक कापणाऱ्या क्रिस्परवरचा त्यांचा निबंध २०१२ साली एका नियतकालिकाने परत पाठवला आणि तो छापून येईपर्यंत शार्पेंटिए आणि डाउडना या शास्त्रज्ञांचा आधी आला. २०१८ साली काव्हली हा विज्ञानातला मोठा पुरस्कार या दोघींबरोबर शिक्श्निस यांनाही मिळाला, २०२० चं नोबेल मात्र त्या दोघींनाच. मला याचं आजही वाईट वाटतं.

हा देश केवढा? सुमारे २९ लाख वस्तीचा. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्यात ९४ लाख माणसं होती. शिवाय १९९० च्या आसपास तिथे ३७ लाख लोक होते. लाखो लोक पोटासाठी देश सोडून गेले. पगार तुटपुंजे होते, तरी प्रयोगशाळेत शिकवणारे पुरेसे लोक मागे राहिले. एका पिढीने दुसरीचा हात आरशाच्या स्क्रूवर धरला, म्हणून तो तिशीचा मुलगा आमच्या टेबलापर्यंत पोचला. २०२१ साली व्हिल्नियसमध्ये तैवानचं कार्यालय उघडल्यावर चीनने लिथुआनियाचा माल अडवला, तेव्हाही हा धंदा बुडाला नाही. जगभरच्या विद्यापीठांमध्ये त्यांची गिऱ्हाइकं होती. पिस्कार्स्कास २०२२ साली गेले. विभाग चालू आहे.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी अशा देशावर लिहाल तेव्हा करांच्या दरांबरोबर तिथल्या विद्यापीठातल्या कार्यशाळेचीही चौकशी करा. काच घडवणारा कोण आहे, लेथवर कोण बसतो, त्यांच्या हाताखाली कोण तयार होतंय, हेही विचारा. आमच्या संस्थेत काचकामाची जागा आधी गेली, मग टर्नरची. मी निवृत्त झाल्यावर माझंही पद रद्द केलं.

तो इंजिनिअर जाताना स्वतःचा ॲलन कीचा संच मला देऊन गेला होता. प्रत्येक किल्लीला रंगीत चिकटपट्टी लावलेली, कोणती कोणत्या माउंटची, म्हणजे आरसा धरणाऱ्या बैठकीची, ते कळावं म्हणून. शेवटच्या दिवशी मी तो खणात ठेवला आणि सोबत आरशांच्या क्रमाची वहीही ठेवली, माझ्या जागी येणाऱ्यासाठी. मध्यंतरी पेन्शनच्या कामाला गेले होते तेव्हा खण उघडून पाहिला. दोन्ही वस्तू तिथेच होत्या.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रसहायक,
कोथरूड, पुणे