एक सूत : काळाचौकीच्या लेथवाल्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

"उतारावरून जाऊन आलीस की सांग," गाळ्याचं शटर ओढता ओढता तुम्ही म्हणाला होतात. तुमच्या साध्या फोनवर एवढं सगळं सांगणं जमलं नसतं, म्हणून पत्र. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण ठाण्याच्या येऊरला भेटणाऱ्या चार-पाच जणांनी तरी मला विचारलं, "हे काम केलं कोणी?"

त्यांच्यासाठी आधीची हकिकत सांगते. माझी सायकल दहा वर्षांपूर्वीची, अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली. हेड अँगल ६८ अंश. पुढचं चाक धरणारा फोर्क फ्रेमच्या ज्या नळीतून जातो, त्या हेड ट्यूबचा जमिनीशी असलेला हा कोन. तो जितका जास्त, तितकं पुढचं चाक आपल्या पायाखाली. सपाट रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. पण पावसाळ्यानंतर येऊरच्या पायवाटांवरची लाल माती वाहून गेलेली असते, नुसते दगड उरतात. तिथे उतरताना पुढचं चाक दगडाला अडलं की मी हँडलवरून पलीकडे जाणार, असं दर वेळी वाटायचं. दोनदा गेलेही. आताच्या डोंगरी सायकलींचा हा कोन ६५च्या आसपास आलाय, पण नवी फ्रेम घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून दीड अंशाचा अँगल हेडसेट मागवला. हेडसेट म्हणजे हेड ट्यूबच्या वर-खाली बसणारे बेअरिंगचे दोन कप, ज्यांत फोर्क फिरतो. अँगल हेडसेटच्या कपांतली बेअरिंगची जागा मधोमध नसते, वरच्या कपात किंचित मागे आणि खालच्यात किंचित पुढे सरकवलेली असते, शिवाय जरा कललेली. फ्रेम तीच राहते, फोर्क तेवढा पुढे कलतो.

तुमच्याकडे यायच्या आधी एका दुकानात तो बसवून घेतला होता. लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने. खालचा कप तिरका गेला. हँडल मध्येच जड, मध्येच हलकं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे केली की टक्, टक्. हात जरा सैल सोडले की सायकल डावीकडे. "चालवा, बसेल आपोआप," असं उत्तर मिळालं. ते बसलं नाही, आणि फ्रेम कायमची खराब झाली या भीतीने मला दोन रात्री झोप आली नाही.

तुमचा पत्ता मावशीमुळे मिळाला. ती दर मे महिन्यात लालबागला मसाला कुटून आणते. डंकाचा दांडा वाकला, बुश झिजला की तुमच्याकडे येतो, हे तिला डंकवाल्याने सांगितलेलं. मुलुंडहून स्लो लोकलच्या मालडब्यातून चिंचपोकळीला उतरले, उघडी फ्रेम खांद्यावर आणि फोर्क हातात घेऊन तुमच्या दारात उभी राहिले. तुम्ही चष्मा वर केलात आणि म्हणालात, "आमच्या वेळी फ्रेम म्हटलं की रिंग फ्रेम. ही कसली आणलीस?" रिंग फ्रेम म्हणजे गिरणीतलं सूत कातायचं यंत्र, हे मला नंतर कळलं.

मी दीड अंश समजावू लागले, तर तुम्ही अंश ऐकूनच घेतला नाहीत. "नळी किती लांब?" १२० मिलिमीटर. तुम्ही खडूने फरशीवर एक उभी रेघ मारलीत, तिच्या शेजारी एक जरा कललेली, आणि म्हणालात, "म्हणजे वरच्या आणि खालच्या भोकात मिळून एक सूत. एवढंच ना?"

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या थोडं वर. मी घरी येऊन गणित केलं काका. १२० मिलिमीटरमागे दीड अंशाला ३.१४ मिलिमीटर येतात. तुमची खडूची रेघ बरोबर होती.

कप काढताना तुम्ही पितळी सळी आतून लावलीत आणि एकाच जागी न ठोकता सगळीकडून फिरत फिरत, हलकं हलकं ठोकलंत. कप निघाला तेव्हा नळीच्या आत अ‍ॅल्युमिनियमची एक बारीक साल उचललेली दिसली. माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही बोट फिरवलंत, चार बाजूंनी माप घेतलंत आणि सांगितलंत की नळी गोल आहे, फक्त ओरखडा आहे. लेथवर एक कट मारून गुळगुळीत करता येईल का, असं मीच विचारलं. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी वहीत लिहून ठेवलंय : "कट मारायचा नाही. हे भोक टाइट आहे म्हणून कप धरतो. काढलेलं परत भरता येत नाही." बारीक पॉलिश पेपरने ती साल तेवढी घासलीत, फडक्याने पुसलीत, पुन्हा मापलंत. कप आणि भोक यांच्यात पकडीसाठी ठेवलेला फरक जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा असतो. तो माझ्या उतावळेपणात गेला असता, तर फ्रेम भंगारातच.

मग सेंटर. साध्या हेडसेटचा कप कसाही फिरवून बसवला तरी चालतो. हा चालत नाही. भोक बरोबर फ्रेमच्या मधल्या रेषेवर पुढे-मागे सरकायला हवं. कप जरा फिरला तर फोर्क बाजूला कलतो, आणि वरची अर्ध्या मिलिमीटरची चूक चाक जमिनीला टेकतं तिथे पोचेपर्यंत तीन-चार मिलिमीटर होते. माझी सायकल डावीकडे का ओढायची ते मला तेव्हा कळलं. तुम्ही सुती दोरा मागच्या चाकाच्या खाचेतून काढून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या बाजूने परत नेलात. दोन्हीकडे सीटच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर सारखं आलं, म्हणजे फ्रेम सरळ. मग वर्तमानपत्राची एक पट्टी फाडलीत, हेड ट्यूबभोवती गुंडाळून जिथे मिळाली तिथे कापलीत, दोनदा घडी घातलीत. चार सारखे भाग, चार खुणा : पुढे, मागे, डावी, उजवी. महागडी अवजारं मी व्हिडिओंमध्ये पाहिली होती. ही पट्टी नव्हती पाहिली.

कप दाबायला तुम्ही लेथवर दोन बुश, म्हणजे धातूच्या जाड कड्या, काढलेत, पायरीचे. दाब कपच्या काठावर यावा, बेअरिंगच्या जागेवर येऊ नये, यासाठी. मधून आट्यांचा रॉड, दोन्हीकडे नट. पाव आटा फिरवायचा, गुण्या लावायचा, खूण बघायची, पुन्हा पाव आटा. बाहेर कोणीतरी मोटारीचा बुश घेऊन थांबला होता. त्याला तुम्ही म्हणालात, "चहा पिऊन ये." गिरणीत रिंग फ्रेमच्या स्पिंडलचं, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या चातीचं, सेंटर लावायला तुम्ही शिकलात आणि १९८२च्या संपानंतर ते काम सुटलं ते सुटलंच, हे तुम्ही याच वेळी सांगितलंत, नटावरची नजर न काढता. स्पिंडल केसभर आउट असली की सूत तुटायचं. मला वाटतं, माझ्या सायकलला तुम्ही तीच शिस्त लावलीत.

तर आता उताराचं.

पुढचं चाक आधीपेक्षा साधारण दीड सेंटिमीटर पुढे गेलंय. येऊरच्या त्याच वाटेवर, त्याच दगडांत, चाक अडतं पण माझं वजन त्याच्या मागे राहतं. वेगात हँडल थरथरत नाही. तुम्ही ट्रॉलीच्या चाकाचं उदाहरण दिलं होतंत ना, खिळ्याच्या मागे ओढलं जातं म्हणून सरळ धावतं, तसंच. चढावर, अगदी हळू जाताना, पुढचं चाक जरा इकडेतिकडे भटकतं. पेडल थोडी खाली आल्यासारखी वाटतात, दोनदा दगडाला घासली. हे तुम्हाला सांगायलाच हवं, तुम्ही सगळं विचारलं होतंत. टक् आवाज नाही. हात सोडले तर सायकल सरळ जाते. पहिल्यांदा ती सरळ गेली तेव्हा मी खाली पोचून थांबले आणि रडले.

विचारणाऱ्यांना मी एवढं सांगते : आधी तुमच्या फ्रेमचं माप घ्या, माझ्यात वर ४४ आणि खाली ५६ मिलिमीटर आहे. ज्या फ्रेममध्ये बेअरिंग कपाशिवाय थेट बसतं तिथे असे दाबून बसवायचे कप चालत नाहीत. आणि हातोडा कोणाला लावू देऊ नका.

तुम्ही दोनशे रुपये घेतलेत आणि वर ते दोन बुशही मला दिलेत, दुसऱ्या कोणाला लागतील म्हणून. लागले. मागच्या आठवड्यात भांडुपच्या एका मुलाची फ्रेम आम्ही त्याच बुशांनी केली, कागदाच्या पट्टीसकट. रविवारी सायकल अख्खी घेऊन येतेय, तुम्ही ती चाकांवर उभी बघितलेलीच नाही. बुशही आणते. त्यांवर तुम्ही खडूने "१ सूत" लिहिलं होतंत, ते मी पुसलेलं नाही.

तुमची,
मुलुंडची सायकलवाली